दोऱ्याचं माप

मंगळवार पेठ, कोल्हापूर
त्रिपुरारी पौर्णिमा, ५ नोव्हेंबर २०२५

चि. नातीस,


पहाटे पंचगंगेच्या घाटावरचे दिवे बघून आलो आणि तुला लिहायला बसलो. चपलांच्या दुकानाची वेबसाइट तू बनवलीस, लिंक पाठवलीस आणि फोनवर विचारलंस, "आबा, कसं झालंय?" मी "छान झालंय" म्हणालो. ते खरंच होतं. पण फोनवर माणूस कौतुक करून मोकळा होतो, आणि मला त्याहून थोडं जास्त सांगायचं आहे. तुझं हे पहिलं स्वतंत्र काम. पहिल्या कामाला हात जसा वळतो, तसाच पुढं वळत राहतो.

माझी चाळीस वर्षं बोर्ड रंगवण्यात गेली. पत्रा घासायचा, प्रायमर मारायचा, खडूची दोरी ताणून रेघा उमटवायच्या आणि मग ब्रश उचलायचा. कोल्हापुरात या कामाला मान होता. कलामहर्षी बाबूरावांचं मूळ आडनाव मेस्त्री, पण गावानं त्यांना पेंटर म्हटलं आणि तेच नाव राहिलं. ज्यांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्यांनीच आपल्या सिनेमांची पोस्टरंही रंगवली. अशा गावात ब्रश धरणारा पोरगा मनात काहीतरी मोठं ठेवूनच शिकायला बसायचा. मीही बसलो.

माझ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात एक सवय लावली. बोर्ड संपला की ब्रश खाली ठेवायचा, रस्ता ओलांडायचा, पलीकडं उभं राहायचं आणि अनोळखी माणसासारखं वाचायचं. दहा फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर निदान एक इंच उंच हवं, हा आमचा हिशोब. महाद्वार रोडवर लोक चालत जातात, तिथं तो एक हिशोब. शिरोलीच्या नाक्यावर गाड्या पळतात, तिथं दुसरा. अक्षर तेच, पण वाचणारा बदलला की माप बदललं.

मालकाला मात्र बोर्डवर सगळंच हवं असतं. वडिलांचं नाव, अंबाबाईचं चित्र, स्थापनेचं साल, दोन फोन नंबर आणि "आमची कोठेही शाखा नाही". त्याच्या प्रत्येक शब्दामागं त्याचं प्रेम असतं, म्हणून त्याला दुखवायचं नाही. त्याला हाताला धरून रस्त्यापलीकडं न्यायचं आणि विचारायचं, "मालक, इथनं काय दिसतंय?" बहुतेकदा तो स्वतःच दोन ओळी कमी करायचा. तुझ्या दुकानदाराला तू अजून रस्त्यापलीकडं नेलेलं नाहीस, असं मला तुझं पान बघून वाटलं.

आधी माझी एक चूक सांगतो. तरुण होतो, हाताला नुकतं वळण आलं होतं. एका दवाखान्याचा बोर्ड मिळाला. मी जीव ओतला. अक्षरांना वेलांट्यांचे फुलोरे काढले, सावल्या दिल्या, सोनेरी कडा दिल्या. बघणारा प्रत्येक जण वाहवा करत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाजूनं चाललो होतो. पन्हाळ्याकडून आलेली एक म्हातारी बाई नातवाला मांडीवर घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलेली. पोराला ताप. मी विचारलं तर म्हणाली, "दवाखाना कुठं हाय कुणाला इचारू, म्हणून बसल्ये." ती दवाखान्याच्या दारातच बसली होती. तिला साधं अक्षर वाचता येत होतं, माझं अक्षर वाचता आलं नाही. उस्तादांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "अक्षर दिसलं पायजे, पेंटर न्हाई." त्याच रविवारी मी तो बोर्ड स्वतःच्या रंगानं पुन्हा लिहिला.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून चाललो. वाटसरू चुकला तर पाटी चुकली. तुझ्या कामात फक्त पत्रा बदललाय.

आता तुझ्या वेबसाइटकडं येतो. तुझी आत्याआजी इंदूरहून दिवाळीला आली आहे, ते तुला ठाऊकच आहे. तिच्या यजमानांना कापशी चप्पल हवी आहे. मी तिच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, "समज, तू इंदुरात आपल्या घरी बसल्येस. ही चप्पल मागव." शेजारी बसलो, वही घेतली आणि तोंड मिटून बघत राहिलो. आत्याआजी काही फोनला घाबरणारी नाही. भाजीवाल्याला रोज यूपीआयनं पैसे देते, भिशीचा हिशोब फोनवर ठेवते. तरीही पाऊण तासानं तिनं फोन माझ्याकडं दिला आणि म्हणाली, "दादा, उद्या चप्पल लाइनीतच जाऊन येऊ." त्या पाऊण तासात काय झालं ते लिहितो.

पान उघडायलाच अकरा सेकंद लागले. मी घड्याळ लावलं होतं. सुरुवातीला तू तो चलचित्राचा तुकडा ठेवलायस, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडं कमावतानाचा. तुकडा सुंदर आहे. पण त्याच्यासाठी दार उघडायचं थांबतं. तू ठेवून गेलेल्या पुस्तकांतून मी वाचलं की वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ सालीच वाट बघण्याच्या मर्यादा लिहून ठेवल्या आहेत. दशांश सेकंदात उत्तर आलं तर माणसाला ते लगेच झालं असं वाटतं. एका सेकंदापर्यंत त्याचा विचार तुटत नाही. दहा सेकंदांनंतर त्याचं लक्ष दुसरीकडं जातं. आत्याआजीनं त्या अकरा सेकंदांत चहा ठेवायला सांगितला. गगनबावड्याच्या घाटात रेंजचा एकच दांडा दिसणाऱ्या माणसाचं काय होईल, त्याचा विचार कर. तो तुकडा खाली ठेव आणि ज्याला बघायचा त्यानं बोट लावल्यावरच चालू होऊ दे.

मग पहिलं वाक्य आलं: "परंपरेचा अनुभव घ्या." त्याखाली तीन शब्द: "वारसा", "संग्रह", "शोधा". आत्याआजीनं चष्मा सारखा केला आणि विचारलं, "चपला कुठं आहेत?"

चप्पल लाइनीत तू लहानपणी माझं बोट धरून फिरलीयेस. अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेली माणसं त्या गल्लीत शिरतात. दुकानाला दुकान लागलेलं, माल जवळपास सारखा. माणूस थांबतो कुठं? जिथं मालक दोन शब्दांत त्याची अडचण ओळखतो तिथं. "कुणाला पायजे? बाप्यांची का बायकांची? नंबर किती?" तीन प्रश्नांत गिऱ्हाईक योग्य फळीसमोर उभं. दुकानाचा इतिहास मालक सांगतो, पण गिऱ्हाईक बसल्यावर, चप्पल पायात असताना. तुझ्या पहिल्या पडद्यावरही तेवढंच येऊ दे: पुरुष, महिला, मुलं. त्याखाली कापशी, पुकारी, बक्कलनाळी ही लोकांच्या तोंडातली नावं, प्रत्येकीचं चित्र आणि किंमत. "संग्रह" हा शब्द मालकाचा आहे, "चपला" हा गिऱ्हाइकाचा. स्टीव्ह क्रुग यांच्या २००० सालच्या पुस्तकाचं नावच सांगतं की मला विचार करायला लावू नका. आपल्या बाजारानं ते पिढ्यान्‌पिढ्या केलंय.

कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा म्हणजे मेनू, हे तुला दिसतं कारण तुला ते कुणीतरी दाखवलं होतं. आत्याआजीला वाटलं, ते नक्षीकाम आहे. रेघांशेजारी "मेनू" असं लिही. त्याहून बरं म्हणजे चारच दुवे आहेत, ते उघडेच ठेव. चार वस्तूंसाठी कपाट कशाला?

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, अक्षर. तुझं अक्षर बारीक आणि फिकट राखाडी आहे. उन्हात एसटीच्या थांब्यावर फोन धरणाऱ्याला ते दिसणार नाही. वेबसाठीचे सुगम्यतेचे जे जागतिक नियम आहेत, ते सांगतात की साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा निदान ४.५ ला १ अशा प्रमाणात वेगळा हवा. आम्ही पिवळ्यावर काळं लिहायचो ते याच कारणानं. आम्हाला आकडा माहीत नव्हता, डोळा माहीत होता.

दुसरं, शीर्षकात तू अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडलीस. इंग्रजीत ते शोभतं. देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि शब्द पत्र्यावरून निखळलेल्या तुकड्यांसारखा दिसतो. मला ते बघून वाईट वाटलं, कारण शिरोरेघ सरळ यावी म्हणून मी वर्षभर नुसत्या रेघा मारल्या होत्या. आपल्या अक्षराला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षराची पायरी. म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर हवं आणि अक्षराचा आकारही थोडा मोठा हवा. एकाच मापात मराठी आणि इंग्रजी शेजारी ठेवून बघ, मराठी बारीक दिसेल.

तिसरं, दुकानदारानं पाठवलेली मराठी माहिती तू चित्र म्हणूनच चिकटवलीस. एके काळी त्याला इलाज नव्हता. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली, पण आपल्याकडं पुढंही कितीतरी वर्षं प्रत्येक साइटचा फॉन्ट वेगळा असायचा. तो उतरवून घेतला नाही तर मराठीच्या जागी चौकोन आणि खुणा दिसायच्या. र. कृ. जोशी यांनी काढलेला मंगल फॉन्ट विंडोजबरोबर घरोघर पोचला. आज मुंबईच्या एक टाइपनं बनवलेला मुक्तासारखा फॉन्ट फुकट मिळतो. इतक्या जणांनी खपून आपली लिपी तुझ्या हाताशी आणून ठेवलीय. ती चित्रात कोंडू नकोस. चित्रातलं अक्षर मोठं करता येत नाही, शोधता येत नाही, आणि दृष्टी नसलेल्या माणसाचा फोन ते वाचून दाखवू शकत नाही.

दृष्टी नसलेल्या माणसाबद्दल थांबून बोलतो. आपल्या गल्लीतला टेलिफोन बूथवाला तुला आठवत असेल. त्याचा फोन आता त्याला सगळं वाचून दाखवतो. तुझं पान मी त्याच्याकडं नेलं. फोन म्हणाला, "चित्र, चित्र, चित्र, बटण." त्यानं हसून फोन खाली ठेवला, पण ते हसणं मला लागलं. प्रत्येक चित्रामागं एक ओळ लिही: "तपकिरी कापशी, वर दोन पट्टे, मध्ये लाल गोंडा." बटणावर नाव घाल: "टोपलीत टाका." अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, आणि यंदाच्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. कायदा नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं. दुकानाच्या पायरीशी आलेल्या माणसाला परत पाठवत नाहीत.

पुढं आत्याआजी चपलेच्या पानावर पोचली. एकच फोटो, वरून काढलेला, काळ्या मखमलीवर. दुकानात माणूस चप्पल हातात घेतो, उलटी करतो, तळ बघतो, वाकवून बघतो, नाकाशी नेतो. फोनवर हे काही जमत नाही. मग तळाचा फोटो दे, बाजूचा दे, शिवणीचा जवळून दे, पायात घातलेला दे. आणि लाइनीतला मालक जे तोंडी सांगतो ते लिही: पहिले चार दिवस थोडी चावेल, मग पायाच्या आकाराची होईल, पावसात घालू नका, भिजली तर सावलीत वाळवा. दोष सांगितल्यानं विक्री घटते असं दुकानदार म्हणेल. त्याला सांग की न सांगितलेला दोष चप्पल परत घेऊन येतो.

किंमत पानावर होती, ते बरं केलंस. पण पैसे देताना पोचवण्याचा खर्च वाढला आणि "खास वेष्टन" आपोआप टोपलीत आलं. वर एक घड्याळ टिकटिक करत होतं: "ही किंमत फक्त दहा मिनिटं." मी पान पुन्हा उघडलं, पुन्हा दहा मिनिटं. हे तुझ्या मनातून आलं नसणार, कुणीतरी दुकानदाराला सुचवलं असणार. तरी हात तुझा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तेरा प्रकार नोंदवले आहेत. खोटी घाई करायला लावणं, टोपलीत गुपचूप वस्तू घालणं, किंमत थेंबाथेंबानं वाढवणं, हे तिन्ही त्यांत आहेत. आधीच खूण केलेल्या चौकटीतून संमती घ्यायलाही २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मनाई केली आहे. पण नियमांच्या आधी कोल्हापूरचा व्यवहार आहे. शाहूपुरीच्या पेठेत गुळाचे सौदे शब्दावर व्हायचे. त्या गावच्या दुकानात खोटं घड्याळ लागावं, हे मला सहन होत नाही. ते काढ. दुकानदार ऐकत नसेल तर माझ्याकडं पाठव.

यानंतर तुझा फॉर्म. अकरा चौकटी मोजल्या. "फ्लॅट क्रमांक" भरल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. बाळा, आपल्या माणसाचा पत्ता कसा असतो? मु. पो. सेनापती कापशी, ता. कागल, जि. कोल्हापूर. मारुतीच्या देवळामागं. त्यात फ्लॅट कुठून आणायचा? ज्या गावाच्या नावाची चप्पल तू विकतेस, त्या गावचा माणूस तुझा फॉर्म भरू शकत नाही.

इथं तुला एका मराठी माणसाची आठवण करून देतो. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एका नावाची गावं अनेक, लिप्या अनेक, हस्ताक्षरं अनेक, त्यामुळं पत्रं भरकटायची. त्यांनी सहा आकड्यांचा पिन कोड उभा केला आणि तो १५ ऑगस्ट १९७२ ला लागू झाला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाच्या छाटणीचा जिल्हा ठरतो, शेवटचे तीन थेट पोस्टाशी नेतात. आपला ४१६ नं सुरू होतो. सहा आकड्यांत त्यांनी कोट्यवधी माणसांचं लिहिण्याचं काम हलकं केलं. तू त्याचा उपयोग कर. आधी पिन विचार, मग जिल्हा आणि राज्य आपोआप भरून दे. बाकी एक मोठी मोकळी चौकट ठेव: "पत्ता, तुम्ही पाकिटावर लिहाल तसा." ईमेल ऐच्छिक कर. नाव, फोन, पिन, पत्ता, एवढ्यावर चप्पल पोचते.

आत्याआजीनं फोन नंबर मध्ये जागा सोडून लिहिला, जसा आपण तोंडानं सांगतो तसा. तांबड्या अक्षरांत इंग्रजीत काहीतरी आलं आणि भरलेल्या सगळ्या चौकटी कोऱ्या झाल्या. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. ती स्वतःवरच रागावली होती. "मलाच येत नाही," म्हणाली. त्या पायरीवरच्या म्हातारीचा चेहरा मला दिसला. नंबरातली जागा काढून टाकणं यंत्राला क्षणाचं काम आहे, ते यंत्राकडून करून घे. आणि खरोखर चूक असेल तर त्या चौकटीखालीच मराठीत सांग: "नंबरात एक आकडा कमी आहे." लिहिलेलं पुसू नकोस. बटणंही मोठी कर. सुगम्यतेच्या त्याच जागतिक नियमांच्या दोन हजार तेवीसच्या आवृत्तीत बोट लावायची जागा निदान २४ पिक्सेल सांगितली आहे आणि कडक पातळीला ४४. तू कडक पातळी धर. आपली गिऱ्हाइकं शेतात, भट्टीवर, मागावर काम करणारी, त्यांची बोटं रुंद आहेत.

पैसे देण्याच्या पानावर आत्याआजीनं एकच विचारलं: "हे दुकान खरंच आहे का?" तुझ्या पानावर दुकानाचा पत्ता शोधायला मला सहा वेळा बोट फिरवावं लागलं. नाव, पत्ता, फोन, तक्रार कुणाकडं करायची, चप्पल परत करायची असेल तर किती दिवसांत, हे सगळं त्याच पानावर, पैसे द्यायच्या बटणाजवळ ठेव. दुकानाच्या दाराचा फोटो दे, पायरीवर मालक उभा असलेला. पार्सल हातात आल्यावर पैसे द्यायची सोय असेल तर तीही तिथंच सांग. लांबच्या माणसाला तेवढाच आधार असतो.

आणि भाषा. आपलं गिऱ्हाईक निपाणीचं आहे, बेळगावचं आहे, मुंबईचं आहे, परदेशातलंही आहे. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ साली मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. म्हणजे करणारेही मराठी आणि कन्नड दोन्ही. म्हणून कन्नडचा दुवा कन्नड अक्षरांतच लिही आणि वरच ठेव, शोधायला लावू नकोस. यंत्राचं भाषांतर तसंच टाकू नकोस. कन्नड येणाऱ्या माणसाकडून वाचून घे.

गेल्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आपल्या चपलांसारख्या चपला दाखवल्या, आधी आपल्या गावाचं नाव न घेता, आणि मग ओरड झाल्यावर मूळ मान्य केलं. त्या दिवसांत माझ्या मनात एकच विचार होता. जगात कुठंतरी बसलेला माणूस आता "कोल्हापुरी" असं शोधेल. शोधत शोधत तो एखाद्या छोट्या दुकानाच्या पानापाशी येईल. तिथं त्याला दार सापडेल का? कातडं कमावणाऱ्याचा, तळ कापणाऱ्याचा, वेणी घालणाऱ्या बाईचा रोजगार त्या दारावर अवलंबून आहे. चप्पल त्यांनी नीट केली आणि दार आपण नीट केलं नाही, तर त्यांचे कष्ट आपण वाया घालवले. तू बनवतेस ते पान किती जबाबदारीचं आहे, ते यावरून समज.

हे सगळं एकदम करू नकोस. आधी माणसं बसव. नील्सन म्हणतात, पाच जण बसवले तरी बहुतेक अडचणी दिसतात. तुझे पाच मी सुचवतो: आत्याआजी, बूथवाला, चप्पल शिवणारा एक कारागीर, त्याची कॉलेजात जाणारी मुलगी आणि एखादा एसटीचा कंडक्टर. प्रत्येकाला एकच काम दे आणि तू गप्प बस. मदत करायला हात शिवशिवेल, मांडीखाली घाल. ते काय बोलतात त्यापेक्षा बोट कुठं थांबतं ते लिही. जिथं बोट थांबलं तिथं तुझं काम आहे. आणि पान लोकांसमोर गेल्यावरही असं बघत राहा. दर पावसाळ्यानंतर मी माझे बोर्ड बघत फिरायचो. कुठं रंग उडालेला, कुठं मालकाचा नंबर बदललेला. जुना नंबर असलेला बोर्ड खोटं बोलतो, आणि खाली सही माझी असायची.

शेवटची गोष्ट राहिली, आणि सगळं पत्र खरं तर तिच्यासाठीच लिहिलं.

मापाच्या पानावर तू सहा ते अकरा आकडे दिलेस. आत्याआजीचं बोट तिथं बराच वेळ थांबलं. यजमानांचा नंबर तिला माहीत नव्हता. आयुष्यभर ते इंदूरच्या एकाच दुकानातून बूट घेत आले, तिथला नंबर वेगळ्या पद्धतीचा. मग ती उठली आणि पिशवीतून कागदाची पुडी घेऊन आली. त्यात पांढरा दोरा होता, दोन्ही टोकांना गाठी. निघताना तिनं त्यांना कागदावर उभं केलं होतं आणि टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत दोरा धरून गाठी मारल्या होत्या. आमची आई घरातल्या माणसांच्या चपला अशाच आणायची. बाजाराला जाणाऱ्याबरोबर दोरे द्यायची, प्रत्येकाचा वेगळा. लाइनीतला मालक दोरा तळावर ठेवायचा आणि नेमकी जोडी काढायचा.

काल आम्ही दोघं गेलो. मालक तरुण आहे, पण दोरा बघून त्यानं काही विचारलं नाही. खाली वाकला, तीन तळांवर दोरा ठेवून बघितला, चौथ्या जोडीला म्हणाला, "ही बसंल." पाच मिनिटांत काम झालं.

तुझ्या पानावर त्या दोऱ्याला जागा नाही. ती कर. लिही: "पाय कागदावर ठेवा, टाच ते अंगठा दोरा धरा, दोरा पट्टीवर ठेवा, जेवढे सेंटिमीटर येतील तेवढे इथं लिहा." संध्याकाळी मोजा म्हणावं, दिवसभरानं पाय जरा फुगतो. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. आकडा लिहिला की नंबर तुझ्या पानानं सांगावा, गिऱ्हाइकाला शोधायला लावू नये.

तो दोरा आत्याआजीनं मला दिला, तो या पाकिटात ठेवलाय. दोन गाठींमधलं अंतर सव्वीस सेंटिमीटर आहे. सगळं दुरुस्त झालं की याच दोऱ्यानं एक जोडी मागवून बघ. पत्ता आत्याआजीचा घाल, इंदूरचा.

पोचली की कळव.

तुझा
आबा